शनिवारचा शेवटचा तास

फ्रॉक लाल होता, त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके होते, आणि अलीमोद्दीन मास्तरांनी तो नसीमसाठी मनातल्या मनात जवळजवळ घेऊनच टाकला होता. नसीम त्यांची नात, सहा वर्षांची. ईद बारा-तेरा दिवसांवर आली होती. सहासष्ट साल संपत आलं होतं. रमजान ऐन थंडीत आल्यामुळे रोजा तसा जड जात नव्हता, पण यवतमाळच्या आठवडी बाजारातून दुपारचं चालताना घसा कोरडा पडला होता आणि कापसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ ओठांवर बसली होती. शाळेतून निवृत्त होऊन, दारव्ह्याचं भाड्याचं घर सोडून, कळंब चौकात मुलीकडे राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात त्यांना कोणी ‘मास्तर’ म्हटलं नव्हतं. बाजारात सगळे ‘बाबा’ म्हणत. तरटावर शिवलेल्या कपड्यांचा ढीग मांडून बसलेली ती बाईही तेच म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती, सुईत दोरा ओवत होती. “तो नका घेऊ, बाबा,” ती म्हणाली, “बगलेत जोड हाये. कपडा कमी पडलता. अन् रंगबी जाईन दोन धुन्यांत.” आणि हात पुढे करून तिनं त्यांच्या हातातला फ्रॉक उलटा केला, बगलेतला जोड बोटानं दाखवला. शेजारी झबली चाळत उभी असलेली चष्म्यातली एक बाई हसली. अगं नलू, असं सांगत बसलीस तर तुझं दुकान चालायचं कसं, असं काहीसं ती म्हणाली. तेव्हा त्या कपडेवालीनं दाताखाली दोरा तोडला आणि सहज, कितीदा तरी म्हटलेलं म्हणावं तसं म्हटलं, “खोट झाकून इकलं तं ते इकनं नाही, विमलताई. हिसकनं हाये.”

मास्तरांच्या हातून फ्रॉक ढिगावर पडला. ते वळले आणि चालू लागले. भांड्यांची दुकानं, मिरचीची पोती, जनावरांच्या दोरखंडांची रांग, सगळं मागे टाकून ते एका बंद गोदामाच्या ओट्यापाशी थांबले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण चोरासारखे पळालो. वाक्य त्यांचं होतं. ऐब छुपा के बेचा तो बेचा नहीं, छीना. हे वाक्य त्यांनी कुठल्या किताबातून घेतलं नव्हतं. थोरांनी सांगितलेलं पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून स्वतःच्या जिभेनं घडवलं होतं आणि दारव्ह्याच्या शाळेत दर शनिवारी पोरांकडून एका सुरात म्हणवून घेतलं होतं. त्याला कोणीतरी वऱ्हाडी कपडे घालून इतकी वर्षं सांभाळलं होतं. आणि सांभाळणारी नलू होती, त्या वर्गातली मागच्या बाकावरची नलू. पन्नास पोरं त्या तासाला बसत, त्यांतल्या एकानं हे वाक्य जपलं असतं तर मास्तर आनंदानं त्याच्या पाठीवर थाप मारून आले असते. पण नलूनं ते जपावं, याचा आनंद होण्याआधीच त्यांना काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. विहिरीत बादली सुटावी आणि दोर हातातून सरसरत जावा, तसं.

तो शनिवारचा शेवटचा तास. सत्तावन सालच्या जूनमध्ये सुरू झाला. शाळा खाजगी मंडळाची होती, तिच्यात मराठीचे वर्ग होते, उर्दूचे होते, आणि मंडळावर एक म्हातारे कापूसवाले हाजीसाहेब होते. त्यांचं म्हणणं असं की आपली पोरं मॅट्रिक होतील आणि अडतीच्या गाद्यांवर जाऊन बसतील. पण तराजू कसा धरायचा आणि हात कसा उघडायचा हे त्यांना कोण शिकवणार. मग ठरलं की शनिवारी सकाळच्या शाळेतला शेवटचा तास अखलाकचा, म्हणजे नीतीचा. ज्यांच्या घरून चिठ्ठी येईल त्यांनी बसावं, बाकीच्यांनी घरी जावं. शिकवायला अलीमोद्दीन मास्तर, कारण इतिहास-भूगोल शिकवता शिकवता गोष्टीत शिरायची त्यांना खोड होती. आता त्या ओट्यावर बसून त्यांना आठवली ती खोली: पश्चिमेच्या खिडकीतून स्टेशनाकडची बाभळ दिसायची, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या, जिनाच्या, बाजूनं सरकीचा तेलकट वास यायचा, आणि साडेअकराला पोरांच्या पोटात कावळे ओरडू लागलेले असताना मास्तर टेबलावर तराजू ठेवायचे. खरा तराजू, किराणावाल्याकडून मागून आणलेला. एका पोरानं जोंधळे तोलायचे, दुसऱ्यानं ओळखायचं की त्यानं बोट कुठं टेकवलं. देताना पारडं किंचित झुकतं ठेवायचं, घेताना नाही. मालाची तारीफ करायला शपथ खायची नाही. दुसऱ्याचा सौदा चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही. एकदा ते सगळ्या वर्गाला कापसाच्या बाजारात घेऊन गेले होते. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात ते पोरांनी डोळे मोठे करून पाहिलं. एका गाडीत वर कोरडा आणि आत पाणी मारलेला कापूस निघाला, तेव्हा मास्तरांनी एकेका पोराचा हात कोपरापर्यंत त्या कापसात घालायला लावला. थंडगार, ओला, जड. “याद रखो ये ठंडक,” ते म्हणाले होते. गाडीवाला बिचारा ओशाळून बिडी शोधत राहिला होता.

आणि रस्त्यातला दगड उचलून बाजूला ठेवणं हाही सदका, म्हणजे दानच, हे शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार असूनही दहा-बारा पोरं शाळेपासून स्टेशनापर्यंतच्या गल्लीत दगड आणि बाभळीचे काटे वेचत होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर दूध आणायला निघाले होते, ते कोपऱ्यावर थबकले. इतकं सुख त्यांना पुढे हजच्या यात्रेकरूंना निरोप देतानाही झालं नाही. त्या पोरांत दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती आणि तिनं सगळ्यांत मोठा धोंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

ती नलू. खरं तर ती त्या तासाची नव्हतीच. ती आठवीच्या मराठी वर्गातली, डोमाजीची मुलगी. डोमाजी मूळचा बोरी अरबचा, दारव्ह्याला जिनात गाठोडी उचलायच्या कामावर. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेल्यांपैकी. परत आल्यावर त्यांनी घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडले होते. शनिवारी शाळा सुटली की बाकीच्या मुली घरी जात, नलूला जिनाचा भोंगा होईपर्यंत थांबावं लागे, बापाबरोबर जायला. बाहेर ओट्यावर एकटी बसण्यापेक्षा ती मागच्या बाकावर येऊन बसू लागली. मास्तरांनी हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर म्हणाले, बापाची चिठ्ठी असू द्या. डोमाजीनं कोणाकडून तरी चिठ्ठी लिहवून आणली आणि खाली स्वतः, नव्यानं शिकलेल्या अक्षरांत, सही केली. पहिले काही महिने नलू नुसती ऐकत असे. मग एका शनिवारी मास्तरांनी सांगितलं की मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी त्याच्या हातात पडली पाहिजे, तेव्हा मागून आवाज आला, “मंग जिनवाले पंधरा दिवस काहून थांबवतात, गुरुजी?” जिनवाल्याचा मुलगा पुढच्या बाकावर होता. मास्तरांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, चूक करतात म्हणून. त्या उत्तराबद्दल त्यांना पुढे मंडळाकडून बोलणी खावी लागली. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांना आपण उंच झाल्यासारखं वाटलं होतं. बीबीला, खैरुन्निसाला, त्यांनी जेवताना ते सगळं साभिनय सांगितलं. तीन वर्षं अशी गेली. शनिवार आला की मास्तर सकाळपासून त्या मुलीच्या प्रश्नाची वाट पाहायचे आणि ती वाट पाहतोय हे स्वतःलाही कळू द्यायचे नाहीत.

उन्हं कलू लागली होती. रोजा सुटायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून मास्तर ओट्यावरून उठले. मुलगी राबियानं विचारलं, फ्रॉक? ते म्हणाले, पसंत पडला नाही.

नंतरचे सहा-सात दिवस ते घरात असून नसल्यासारखे वावरले. पहाटेची, फज्रची नमाज झाली की अंगणातल्या खाटेवर ऊन खात बसायचे, आणि साठ सालचा फेब्रुवारी आपोआप डोळ्यांपुढे येऊन उभा राहायचा. तो त्यांनी आजवर पुष्कळदा पाहिला होता, पण दुरून, आपल्याला सोयीच्या बाजूनं. आता जवळून दिसू लागला. नलू दहावीत गेली होती आणि आईच्या जुन्या लुगड्याचं पोलकं घालून शाळेत यायची. काखेत फाटलेलं, हात वर करायचा झाला की ती दुसऱ्या हातानं ते झाकायची. प्रश्न विचारायला हात वर करणं तिनं त्यामुळेच बंद केलं, हे मास्तरांच्या लक्षात आलं. जकात, धर्मानं ठरवून दिलेला वाटा, आपल्यातल्या गरिबांची. पण सदका कोणालाही देता येतो. त्यांनी पांढरं आणि निळं कापड घेतलं, शिंप्याकडे दिलं आणि शाळेच्या शिपायाकडून तिला पोचवलं: शाळेच्या फंडातून आलंय म्हणून सांग. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हे ते पोरांना शिकवत होतेच. नलू तो गणवेश घालून आली त्या शनिवारी तिचा हात तीनदा वर झाला. शाळेनं, एवढ्या मोठ्या इमारतीनं, आपल्याला ओळखून काहीतरी दिलं, हा मान तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मास्तरांनी तो पाहिला आणि गप्प राहिले. तिथवर सगळं ठीक होतं. तिथंच जर गोष्ट संपली असती तर, असं त्या खाटेवर बसून त्यांनी कितीदा म्हटलं.

पंधरा दिवसांनी शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर आले. शनिवार होता. हेडमास्तर आणि मंडळाचे दोघे त्यांना वर्गावर वर्ग दाखवत शेवटच्या तासाला घेऊन आले. धडा दानाचाच चालू होता. इन्स्पेक्टर थोडा वेळ ऐकत राहिले, मग हसून म्हणाले की छान आहे, पण मास्तर, हा तुमचा दानधर्म तुमच्याच लोकांपुरता का? त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नसेलही. पण मास्तरांना ते कुठंतरी लागलं. फाळणीला बारा-तेरा वर्षं झाली होती. असे हसून विचारलेले प्रश्न त्यांना रस्त्यात, पोस्टात, रेल्वेच्या डब्यात भेटत आले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी हसूनच उत्तर दिलं होतं. त्या दिवशी पाच-पन्नास पोरं बघत होती. “नलू, उभी राहा,” ते म्हणाले. ती उभी राहिली. “साहेब, ही आमच्या बिरादरीची नाही. हिच्या अंगावरचा गणवेश बघा. माझ्या सदक्यातला आहे.” इन्स्पेक्टर म्हणाले, वा. हेडमास्तरांनी टाळी वाजवली, मग पोरांनी वाजवली, आणि मास्तरांच्या अंगावर सुखाचा काटा आला. हे त्यांना आता सगळ्यांत जास्त सलत होतं. जीभ घसरली, राग आला, हे माणूस स्वतःला समजावू शकतो. पण टाळ्या चालू असताना आपल्याला गोड वाटत होतं आणि ती उभी होती. तिला बस म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. टाळ्या थांबल्यावर ती आपली आपण बसली. तिनं दोन्ही हात बाकाखाली घेतले होते.

सोमवारी ती आली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी डोमाजी शाळेत आला. धुतलेला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला गणवेश एका स्वच्छ फडक्यात बांधून त्यानं आणला होता. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मास्तरांना बरं पडलं असतं. “मास्तर, पोरगी म्हनते, शाळेचं होतं म्हनून घातलं,” तो म्हणाला. “तुमी भल्या मनानं देल्लं, ते मले समजते. पन आमी दीक्षा घेतली तवा ठरवलं, मेलेलं ढोर वढायचं नाही अन् कोनाचं उतरलेलं घ्यायचं नाही. तिले मी हेच शिकवलं. आता तिले काय सांगू?” कापड उतरलेलं नव्हतं, नवं होतं, असं मास्तर म्हणाले. खरंच असं म्हणाले. डोमाजीनं मान हलवली, फडकं टेबलावर ठेवलं आणि राम राम न म्हणता, नव्या रीतीप्रमाणं हात जोडून जय भीम म्हणून गेला. पुढच्या शनिवारी मागचा बाक रिकामा होता. पुढच्याही. मास्तरांना राग आला होता, आणि तो पुष्कळ दिवस टिकला. आपण भलं करायला गेलो, मंडळाची बोलणी खाल्ली त्या पोरीपायी, आणि एका वाक्यावरून शाळा सोडते, हा कसला ताठा. खैरुन्निसा भाकरी थापत ऐकून घ्यायची. एकदा मात्र हात न थांबवता ती म्हणाली, “दिया हुआ कपड़ा लौट के आया, तो सोचो, दिया था क्या.” ती त्रेसष्टमध्ये गेली. त्यानंतर त्या वाक्याला उत्तर द्यायला कोणी उरलं नाही, आणि राग हळूहळू विरून त्याच्या तळाशी काय होतं ते दिसू लागलं. तास तेवढा चालूच राहिला, निवृत्तीपर्यंत. पण बोलून दाखवलेलं दान मातीत जातं, हा धडा आला की मास्तर पोरांना वाचून घ्यायला सांगायचे आणि स्वतः खिडकीपाशी जायचे.

अपमान पन्नास जणांसमोर झाला, तर माफीही लोकांसमोरच मागायला हवी. ईदच्या आधीच्या बाजाराला निघताना मास्तरांनी हे पक्कं केलं होतं. वाटेनं ते शब्द जुळवत गेले. नलूच्या तरटापुढे त्या दिवशी गर्दी होती. चार-पाच बायका, एक बंजारा म्हातारा नातवासाठी चड्डी बघत होता, विमलताईही होत्या. नलू मापं घेत होती, कापड ताणून शिवण दाखवत होती, कोणाला तरी सांगत होती की हे आटन, बोटभर मोठं घ्या. आवाजात दम होता. तिच्याभोवती माणसं विश्वासानं उभी होती. मास्तर पुढं झाले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की इथं कोणालाच काही माहीत नाही. या बाजारात ती फक्त कपडे शिवणारी नलू आहे, जिच्या शब्दावर लोक कापड घेतात. आपण तोंड उघडलं की ही सगळी माणसं वळून तिच्याकडे बघतील. मग तिला परत उभं राहावं लागेल. माफी मागण्याच्या नावाखाली आपण पुन्हा तेच करायला निघालो होतो, आणि या वेळी टाळ्या आपल्या पश्चात्तापाला पडल्या असत्या.

ते बाजूला सरकून उभे राहिले. गर्दी ओसरली. नलूनं वर पाहिलं. “बसा, गुरुजी,” ती म्हणाली, आणि तरटाचा कोपरा हातानं झटकला. “त्या बाजारी तुमी पळून गेले.”

तिनं ओळखलं होतं. मास्तर बसले. गुडघे कुरकुरले. पाट्या उचलून चाललेल्या दोन बायका पलीकडे जाईपर्यंत ते थांबले आणि मग अगदी हळू, जमिनीकडे बघत म्हणाले, “नलू, मी त्या दिवशी चुकलो.”

ती हातातल्या झबल्याची घडी घालत होती. घडी पूर्ण झाली. तिनं ते ढिगावर ठेवलं. “हो,” ती म्हणाली. आणि पुढचं झबलं उचललं. मास्तरांना वाटलं, संपलं. आणि हे एवढं संपणंही आपल्या लायकीपेक्षा जास्त आहे. मग ती बोलू लागली, त्यांच्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत. “बाबा म्हनत, मास्तर चांगला मानूस हाये, जाऊ दे. माय म्हने, कपडा तं देल्ला ना त्यायनं. नवरा म्हनते, इतकी लहान गोठ, अजून कायले धरून बसली. सगळे म्हनत जाऊ दे. मले वाटे, माह्याच मनात खोट हाये. कोनी भलं करते अन् मी त्याच्यावर जळतो.” तिनं घडीवरून हात फिरवला. “चुकलो म्हनारा कोनी भेटलाच नाही. तुमी म्हटलं. बरं झालं.” तिचे डोळे कोरडे होते, मास्तरांचे नव्हते. त्यांनी टोपी सारखी केली.

थोड्या वेळानं तिनं सांगितलं ते असं. बाबा दोन वर्षांखाली गेले. आई तुळसाबाई बोरीला असते. लग्न होऊन ती इथं पाटीपुऱ्यात आली, नवरा धर्मपाल बांधकाम खात्यात आहे, त्यानं मशीन घेऊन दिली. पुढच्या वर्षी बाहेरून मॅट्रिकला बसायचं तिच्या मनात आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो आणायला ती तीनदा दारव्ह्याला गेली. “फाटकापर्यंत जातो अन् परत येतो,” ती म्हणाली. “पाय उचलत नाही.” मास्तर लगेच म्हणाले की मी आणून देतो, तिथले कारकून अजून माझे ओळखीचे आहेत, उद्याच जातो. नलूनं मान हलवली. “आनून नका देऊ. मले मीच आनाचा हाये. तुमी नुसते संगं या. काही करू नका.”

ईद झाली. नसीमनं निळा फ्रॉक घातला, नलूकडचाच, जोड नसलेला. त्यानंतरच्या आठवड्यात मास्तर आणि नलू मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत समोरासमोर बसले होते. गाडी नेहमीसारखी रेंगाळत निघाली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून संपत आलेल्या पऱ्हाट्या, मध्येच तुरीची पिवळट रानं. फारसं बोलणं झालं नाही. मास्तरांना हे रूळ पाठ होते. पंचवीस वर्षं त्यांनी या गाडीची शिटी ऐकून तास ओळखले होते. जवळ येणारं प्रत्येक झाड त्यांना ओढून घेत होतं, तीच बाभळ, तोच पाण्याचा हौद, आणि त्यांना लाज वाटत होती की आपल्याला हा प्रवास इतका गोड का वाटतोय. समोर बसलेल्या मुलीला इथून जाताना काय वाटलं असेल, हे आठवून ते खिडकीतून नजर आत घेत आणि पुन्हा बाहेर बघत. फाटकापाशी नलू थांबली. मास्तरही थांबले. ते पुढे झाले नाहीत, चल म्हणाले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. बऱ्याच वेळानं तिच्या चपलांचा आवाज त्यांच्या पुढे गेला.

कारकून वामनराव म्हातारे झाले होते, पण तेच होते. मास्तरांना बघून त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवायला निघाले. मास्तरांनी नको म्हटलं. वामनरावांनी साठ सालचं रजिस्टर काढलं, धूळ फुंकली, नाव सापडलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता, सगळं उतरवत त्यांचा टाक एका रकान्यापाशी अडला. “शाळा सोडल्याचं कारण इथं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “तेव्हा नुसतं नाव कमी केलं. काय लिहू? लग्न?”

“लग्न मंग झालं. चार वर्षांनं.”

“घरची अडचण लिहितो. सगळ्यांचं तेच असते.”

“घरी अडचन नोती,” नलू म्हणाली. “बाबा शिकवाले तयार होते.”

‘काही करू नका’ असं तिनं सांगितलेलं मास्तर आता विसरले. खुर्चीचे हात धरून ते उठले आणि म्हणाले, “लिहा, वामनराव. शिक्षकाकडून अपमान. मी सही करतो.” वामनरावांनी टाक दौतीत ठेवला. गुरुजी, असं कारण नसतं, ते समजुतीनं म्हणाले. आणि हा कागद या पोरीला जन्मभर दहा ठिकाणी दाखवावा लागन, प्रत्येक जण विचारन, काय झालं होतं. मास्तर उभेच राहिले. आपलं तोंड पुन्हा त्याच वाटेनं निघालं होतं, हे त्यांना कळलं, आणि या खेपेला ते स्वतःहून थांबलं नव्हतं.

“स्वतःच्या मर्जीनं, असं लिहता येते काय?” नलूनं विचारलं.

वामनराव चष्म्यावरून बघत राहिले. येतं, ते म्हणाले; स्वेच्छेने.

“मंग तेच लिहा. कोनी हाकललं नाही, कोनी काढलं नाही. मले रहाचं नोतं, मी सोडली.”

टाक कागदावर करकरला. मास्तर हळूच खाली बसले. शाईतला तो ओला शब्द त्यांना उलटा दिसत होता. सात वर्षं त्यांनी ती घटना आपल्यापाशी ठेवली होती; आधी आपला राग म्हणून, मग आपलं पाप म्हणून, आणि पापसुद्धा किती जपून, जणू त्याच्यावरही आपलाच हक्क. या मुलीनं ते एका शब्दात त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. शाळा तिनं सोडली होती. तिच्या आयुष्यातल्या एका मोठ्या गोष्टीचं कारण होण्याचा मानही तिनं त्यांना ठेवला नव्हता. त्यांना आधी हलकं वाटलं, आणि मग एकदम फार एकटं.

हेडमास्तरांची सही होऊन दाखला मिळाला तेव्हा दुपार उलटली होती. नलूनं तो उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग घडी करून पोलक्यात ठेवला. तिला बोरीला आईकडे जायचं होतं, एस.टी.नं, मास्तरांची गाडी उशिरा होती. फाटकाबाहेर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “येतो, गुरुजी.” इंग्रजी कोण शिकवणार तुला, पुस्तकं आहेत का, माझ्याकडे जुनी पडली आहेत, असं सगळं मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. त्याला जोर लावावा लागला. दार आतून कोणी ढकलत असताना लावून धरावं, तेवढा. “ये,” ते म्हणाले.

ती स्टँडच्या रस्त्याला लागली. झपझप चालत होती, एकदाही मागे वळली नाही. ती दिसेनाशी झाली तरी मास्तर उन्हात तसेच उभे होते, काहीही न देता.